दुरून दुरुस्ती

यंत्र बिघडलं की माणसाने यंत्रापाशी जायचं, ही रीत फार जुनी. विहिरीवरचा रहाट अडला की सुतार विहिरीवर यायचा. शिवणयंत्र रुसलं की मिस्त्री तेलाची कुपी घेऊन घरी यायचा. रेडिओ तर आपणच पिशवीत घालून सीताबर्डीला न्यायचो. दुरुस्त करणारा आणि दुरुस्त होणारं यंत्र एका छताखाली आल्याशिवाय काम व्हायचं नाही.

आता तसं राहिलेलं नाही. धरमपेठेतल्या एखाद्या घरातला कॉम्प्युटर बिघडतो आणि त्या घरचा मुलगा न्यू जर्सीत बसून तो नीट करतो. आई-बाबा नुसते बघत असतात. पडद्यावरचा बाण आपोआप इकडून तिकडे पळतो, खिडक्या उघडतात, मिटतात, आणि पाच मिनिटांत 'झालं बाबा' असा फोन येतो. नागपुरातल्या ज्या ज्या घरातली मुलं परदेशी आहेत (आणि अशी घरं आता कमी नाहीत), तिथे हा प्रसंग घडून गेलेला आहे. ज्यांना हे सरावाचं झालंय त्यांना त्यात नवल वाटत नाही. मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला प्रत्येक गोष्टीचं मूळ शोधायची खोड. म्हणून म्हटलं, या दुरून दुरुस्तीचीही वंशावळ बघावी.

संजयाचं उदाहरण कोणालाही आधी आठवेल. कुरुक्षेत्रावरचं युद्ध तो हस्तिनापुरात धृतराष्ट्राला सांगतो. पण मंडळी, एक फरक ध्यानात घ्या. संजय बघू शकत होता, त्याला करता काहीच येत नव्हतं. रथाचं चाक रुतलेलं दिसलं तरी ते बाहेर काढायला त्याचा हात पोचत नव्हता. दुरून बघणं आणि दुरून हात घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक पुढे आपल्याला कामाला येणार आहे.

दुरून बिघाड ओळखण्याची विद्या आपल्या मुंबईत दीडशे वर्षांपूर्वीच आली होती. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन अशी समुद्रातून तार टाकली. त्याच वर्षी जूनमध्ये लंडन आणि मुंबई समुद्रातल्या तारांनी जोडल्या गेल्या. आता ही तार समुद्राच्या तळाशी. ती तुटली तर कुठे तुटली हे बघायला जाणार कोण? त्यावर तोड गणिताने काढली. तारेच्या एका मैलाला विजेचा विरोध किती, हे आधीच मोजलेलं असे. तार तुटली की किनाऱ्यावरच्या ठाण्यात बसून विरोध मोजायचा, त्याला मैलाच्या विरोधाने भागायचं, की बिघाड किती मैलांवर आहे ते कळे. समजा एका मैलाला ५ एकक आणि मोजमाप आलं ६००, तर १२० मैलांवर बिघाड. प्रत्यक्षात खाऱ्या पाण्यामुळे गणित याहून किचकट व्हायचं, पण तत्त्व हेच. मग तेवढ्या अंतरावर जहाज जायचं, आकड्याने तार वर ओढायचं आणि सांधायचं. म्हणजे निदान खोलीत बसून, पण उपचाराला मात्र जावंच लागे. अर्धा संजय!

पुढची पायरी ९ डिसेंबर १९६८ ची. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभागृहात डग्लस एंगेलबार्ट नावाच्या संशोधकाने हजारभर लोकांसमोर एक प्रात्यक्षिक दाखवलं. त्याचा कॉम्प्युटर होता सुमारे ३० मैलांवर, मेनलो पार्क इथल्या प्रयोगशाळेत. सूक्ष्मलहरींच्या दुव्याने पडद्यावरचं चित्र सभागृहात आणलं होतं. माउस हे प्रकरण लोकांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. सभागृहातला एंगेलबार्ट आणि प्रयोगशाळेतला त्याचा सहकारी, दोघे एकाच पडद्यावर एकाच मजकुरावर काम करत होते. एकमेकांचे बाण एकमेकांना दिसत होते. आज आपला मुलगा नि आपण जे करतो, ते तेव्हाच झालेलं होतं. सर्वांच्या घरी पोचायला मात्र पस्तीस-चाळीस वर्षं लागली.

मधल्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्याकडे कॉम्प्युटरच नव्हते! इन्फोसिस ही कंपनी १९८१ साली पुण्यात सुरू झाली, तेव्हा तिच्याकडे स्वतःचा एकही कॉम्प्युटर नव्हता. परदेशातून यंत्र आणायचं तर सरकारी परवाना, त्यासाठी दिल्लीच्या खेपा. पहिलं यंत्र आलं १९८३ मध्ये, तोवर कंपनी बंगळूरला गेली होती. मग काम कसं करायचं? यंत्र इकडे येत नाही, तर माणूस तिकडे जाणार. आपली हुशार पोरं विमानात बसून गिऱ्हाइकाच्या यंत्रापाशी जाऊ लागली. माझ्या पिढीतल्या पुष्कळांची मुलं परदेशी का गेली, याची अनेक उत्तरं दिली जातात. एक साधं उत्तर असं की यंत्र तिकडे होतं आणि तार अजून जोडलेली नव्हती.

तार जोडायला सुरुवात झाली १९८५ च्या सुमारास. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बंगळूरला केंद्र काढलं आणि उपग्रहाच्या दुव्याने तिथलं काम थेट परदेशी जाऊ लागलं. पुढे पुणे, मुंबई, हैदराबाद सगळीकडे तसे दुवे आले. तारीख २००० ला उलटताना जगभरच्या जुन्या प्रोग्रॅमांमध्ये जो घोळ होणार होता, तो निस्तरण्याचं बरंचसं काम भारतीय मुलामुलींनी केलं, काहींनी तिकडे जाऊन आणि काहींनी इथे बसून. आता तर आपल्या मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस अशा कंपन्यांची कार्यालयं आहेत. ज्या कामासाठी एका पिढीने नागपूर सोडलं, त्यातलं काही काम आता खापरीच्या पलीकडे बसून करता येतं. इतिहासाला अशा गमती करायची सवय आहे.

सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमतर्फे, मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत. त्या वेळी दोन प्रकारची खाती मिळत. स्वस्त खातं होतं 'शेल' नावाचं. त्यात चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. फोनची तार जोडायची आणि निगमच्या कॉम्प्युटरवर जाऊन काम करायचं. आपला डबा फक्त अक्षरं दाखवायचा, खरं काम दूरच्या यंत्रावर चालायचं. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांनी इंटरनेटचा पहिला अनुभव घेतला तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर दुरून बसूनच!

आता थोडं कुलपाबद्दल. दूरच्या यंत्रावर जायला जी जुनी पद्धत होती, तिचं नाव टेलनेट. तिच्यात तुमचा पासवर्ड तारेतून उघडाच जायचा, पोस्टकार्डासारखा. वाटेत जो कोणी असेल त्याने वाचावा. १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठात असंच झालं. तिथल्या जाळ्यात कोणीतरी पासवर्ड टिपणारा प्रोग्रॅम लपवून ठेवला आणि हजारो पासवर्ड गोळा केले. तिथला संशोधक तातू युलोनेन याने यावर उपाय म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला, एसएसएच म्हणजे सिक्युअर शेल, आणि जुलै १९९५ मध्ये तो सर्वांना फुकट देऊन टाकला. कॉम्प्युटरला बाहेरून यायला क्रमांक घातलेली दारं असतात. फाइली पाठवण्याचं दार २१, टेलनेटचं २३. मधलं २२ रिकामं होतं. युलोनेनने हे क्रमांक वाटणाऱ्यांना पत्र पाठवून २२ मागितला आणि तो त्याला मिळाला. आज जगातले असंख्य कॉम्प्युटर दुरून सांभाळले जातात ते याच २२ नंबरच्या दारातून.

या कुलपाचं तत्त्व मुलांना सांगायचं असतं तर मी असं सांगितलं असतं. गणूला मनूकडून गुप्त चिठ्ठी हवी आहे, पण पोस्टमन चिठ्ठ्या वाचतो. मग गणू आपलं एक उघडं कुलूप मनूला पाठवतो, किल्ली स्वतःजवळच ठेवतो. मनू डब्यात चिठ्ठी घालून ते कुलूप दाबून लावतो आणि डबा पाठवतो. पोस्टमनने कुलूप जाताना पाहिलं, डबा येताना पाहिला, पण त्याला उघडता काही येत नाही. किल्ली प्रवासाला निघालीच नव्हती. १९७६-७७ च्या सुमारास गणितज्ञांनी मोठमोठ्या संख्यांच्या साहाय्याने अशी कुलपं तयार केली. आपण बँकेचं काम पडद्यावर करतो, त्यामागेही हीच कल्पना आहे.

एसएसएचमध्ये होती नुसती अक्षरं. आपल्यासारख्यांना लागतो संपूर्ण पडदा, चित्रं, बाण, खिडक्या. ते काम केलं इंग्लंडमधल्या केंब्रिजने, आणि त्याची पूर्वपीठिका मोठी मजेची आहे. तिथल्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात कॉफीचं एकच भांडं होतं. जिने उतरून जावं तर भांडं रिकामं! म्हणून १९९१ मध्ये दोघांनी भांड्यापुढे कॅमेरा लावला आणि चित्र आपापल्या पडद्यावर आणलं. जागेवरून उठायच्या आधी बघून घ्यायचं, कॉफी आहे का. या दोघांतला एक, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, पुढे केंब्रिजच्याच ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत व्हीएनसी नावाच्या प्रोग्रॅमच्या कामात होता. १९९८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. पहिल्यांदा दुरून भांडं दिसलं, मग दुरून पूर्ण टेबल दिसलं आणि त्यावर हातही पोचला. संजयाला हात फुटले ते असे.

व्हीएनसीची युक्ती फळ्यावरून चटकन कळते. गणित सोडवताना एक आकडा चुकला तर शिक्षक पूर्ण फळा पुसत नाही, तेवढाच कोपरा पुसून तिथे नवा आकडा लिहितो. हा प्रोग्रॅमही तसाच. दूरच्या पडद्याचा जेवढा चौकोन बदलला तेवढाच पाठवतो. उलट दिशेने जातात फक्त आपल्या बोटांच्या नि माउसच्या खबरी. म्हणूनच फोनच्या कूर्मगती तारेवरूनही ते कसंबसं चालायचं. पडद्यावर फोटो किंवा सिनेमा आला की मात्र दम लागायचा, कारण सगळाच फळा बदलतो ना!

पण सुरुवातीच्या व्हीएनसीत एक उणीव होती. पडद्यावरचा मजकूर वाटेत उघडाच जायचा. म्हणून जाणकार लोक त्याला एसएसएचच्या आतून नेत. याला ते 'टनेल' म्हणतात, बोगदा. घाटातल्या बोगद्यात गाडी शिरली की डोंगरावरून बघणाऱ्याला ती दिसत नाही, तसंच हे. पुढे सोय वाढत गेली. २००१ मधल्या विंडोज एक्सपीत दुसऱ्याची मदत मागण्याची सोय आतच आली. २००५ मध्ये जर्मनीत टीमव्ह्यूअर निघालं, २०१४ मध्ये तिथेच एनीडेस्क. घरचा कॉम्प्युटर राउटरच्या आड असतो, बाहेरच्याला थेट सापडत नाही. म्हणून हे प्रोग्रॅम मध्ये स्वतःचं ठाणं ठेवतात. दोन्हीकडचे कॉम्प्युटर त्या ठाण्याला हाक मारतात आणि ठाणं त्यांची गाठ घालून देतं. आपल्याला करायचं एवढंच, की पडद्यावर आलेला आकडा फोनवर वाचून दाखवायचा.

नेमक्या याच ठिकाणी गोष्ट घरगुती होते. आमच्या घरी ही सोय आली ती मराठी अक्षरांमुळे. २००० नंतरच्या त्या वर्षांत एका मासिकाकडून मजकूर आला की आमच्या पडद्यावर नुसते चौकोन दिसत. कोणाचा फॉन्ट एक, कोणाचा दुसरा, युनिकोड अजून रुळायचं होतं. मुलगा फोनवर सांगायचा, 'बाबा, कंट्रोल पॅनेल उघडा, तिथे अमुक दिसेल.' मला ते अमुक दिसायचं नाही. त्याची रात्र, माझी सकाळ, दोघांचाही जीव मेटाकुटीला. मग एकदा त्याने तो प्रोग्रॅम घालायला सांगितला आणि म्हणाला, 'आता तुम्ही माउस सोडा.' बाण आपोआप चालू लागला तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, 'अहो, तो घरात आल्यासारखा वाटतोय!' आणि खरंच तसं वाटलं. काम झाल्यावर तो लगेच गेला नाही. पडद्यावर विखुरलेल्या फाइली त्याने एका ओळीत लावल्या, लहानपणी सुट्टीत माझं टेबल आवरायचा तशा.

ज्या दारातून मुलगा आला, त्याच दारातून चोरही येतो. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांना फोन आला. समोरचा अत्यंत अदबीने 'सर, सर' म्हणत होता. 'तुमचं खातं बंद पडणार आहे, मी मदत करतो, फक्त एक अ‍ॅप घाला आणि पडद्यावरचा आकडा सांगा.' मुख्याध्यापकांच्या सूनबाई शेजारच्या खोलीतून आल्या नि त्यांनी मोबाइल बंद केला, म्हणून निभावलं. पुष्कळांचं निभावत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच पद्धतीबद्दल सर्व बँकांना सावध केलं होतं. एनीडेस्क घालायला लावायचं, त्यात येणारा नऊ आकडी क्रमांक विचारून घ्यायचा, परवानग्या द्यायला लावायच्या आणि मग यूपीआयने पैसे काढून घ्यायचे, अशी ती रीत.

यात अ‍ॅपचा दोष शोधू नये, आणि बोगद्याचाही. बोगदा अभेद्यच असतो. वाटेत कोणी काही चोरलेलं नसतं. कुलूप वाटेचं रक्षण करतं, पण वाटेच्या टोकाला मुलगा बसलाय की भामटा, हे कुलपाला कळत नाही. ते ओळखायचं काम आपलं. म्हणून माझा नियम साधा आहे. मी स्वतः ज्याला फोन लावला त्यालाच आकडा सांगायचा, ज्याने मला फोन लावला त्याला कधीच नाही. दुसरं म्हणजे काम संपलं की ते अ‍ॅप बंद करायचं. पाहुणा गेल्यावर आपण फाटकाची कडी लावतोच की. आणि घात झालाच तर लाजून गप्प बसू नये, ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. फसलेल्या वडीलधाऱ्या माणसांना पैशांपेक्षा 'मुलं काय म्हणतील' याची भीती जास्त असते. त्या भीतीत जे तास जातात, तेवढ्यात पैसे चार खाती ओलांडतात.

२०२० च्या टाळेबंदीत तर सगळं जगच या तारेवर आलं. टीसीएससारख्या मुंबईच्या कंपनीत तेव्हा साडेचार लाखांच्या आसपास माणसं होती, त्यातली बहुतेक घरी बसून कामाला लागली. २०२५ पर्यंत एका वेळी फार तर पंचवीस टक्के लोक कार्यालयात असतील, असा बेत कंपनीने तेव्हा जाहीर केला होता. पण २०२३ मध्ये तिनेच लोकांना पुन्हा कार्यालयात बोलावून घेतलं. दुरून काम होतं, पण शेजारी बसून जे आपसूक शिकलं जातं ते दुरून होत नाही, असं तिथल्या जाणत्यांना वाटलं असावं. मास्तर म्हणून मला ते पटतं.

दुरून दुरुस्तीचं सर्वांत लांबचं उदाहरण सांगतो. १९७७ मध्ये उडालेलं व्हॉयेजर-१ हे यान नोव्हेंबर २०२३ मध्ये असंबद्ध बडबडू लागलं. पृथ्वीपासून अंतर सुमारे २४०० कोटी किलोमीटर. निरोप जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की स्मरणातला एक तुकडा कामातून गेलाय. तो बदलणं तर शक्य नाही. मग त्या तुकड्यावरच्या सूचना त्यांनी इतर जागी थोड्या थोड्या वाटून ठेवल्या. एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा शहाण्यासारखं बोलू लागलं. इथे पडदा नाही, बाण नाही. एक प्रश्न विचारायचा आणि दोन दिवस थांबायचं. त्यामुळे प्रत्येक प्रश्न किती विचारून विचारावा लागला असेल!

त्या मानाने आपल्याकडे सगळं फार सोपं झालंय, आणि त्या सोपेपणाचीच मला जरा काळजी वाटते. बाण इतका भराभर पळतो की काय केलं ते कळत नाही. पुढच्या वेळी तोच बिघाड, तोच फोन. विद्यार्थ्याचं गणित अडलं की त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन आपणच सोडवून टाकायचं, हा शिक्षकाला होणारा सर्वांत मोठा मोह असतो. वही नीट होते, मुलगा तिथेच राहतो. माझ्या शाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंची रीत वेगळी होती. त्या मुलाच्या मागे हात पाठीशी बांधून उभ्या राहत, वहीत बघत आणि फक्त म्हणत, 'वरची ओळ पुन्हा वाच.'

या सगळ्या प्रोग्रॅमांमध्ये तशीही एक सोय असते. समोरच्याला फक्त बघू द्यायचं, हात लावू द्यायचा नाही. मुलाला मी आता तेच सांगितलंय. 'तू बघ, माउस माझ्याकडे राहू दे.' वेळ जास्त लागतो. 'बाबा, डावीकडे... नाही, त्याच्या खाली' असं चालतं. तो मध्येच जांभई देतो, मी चष्मा पुसतो. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास जातो. पण गेल्या महिन्यात प्रिंटर अडला तो माझा मी चालू केला, आणि तो अर्धा तास तर आम्हा दोघांनाही महाग वाटत नाही.

संजयाला हात नव्हते, ही त्याची उणीव असं मी वर म्हटलं. हात असूनही ते पाठीशी बांधून उभं राहता येणं, ही मात्र पुढची पायरी. ती कोणत्याही प्रयोगशाळेत तयार होत नाही. ज्यांची मुलं दूर आहेत त्यांनी, आणि दूर असलेल्या मुलांनीही, एकदा ती करून बघावी.